पुढचा जिना

बंगल्याचा इतिहास कुणीतरी जाणकाराने लिहावा. मला फक्त माझ्या थोरल्या बहिणीपुरता, अक्कापुरता, तो ठाऊक आहे. तेवढाही नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

सूतगिरणीच्या मालकांनी तो टेकडीवर बांधला. चहूकडे बाग, मागे तळं, आणि आत मधोमध पांढऱ्या दगडाचा रुंद जिना, पितळी कठड्याचा. अक्का लग्नाआधीपासून तिथे कामाला होती. नोकरांनी मागच्या अरुंद जिन्याने वर जायचं आणि पुढचा जिना वरून खाली पुसत उतरायचा, अशी तिथली रीत. कठड्यावर बोटाचा ठसा राहिला तर मालकीणबाई नुसत्या बघायच्या. तेवढं पुरायचं.

"जन्मभर उतरतेच आहे रे," अक्का म्हणायची. "एकदा चढून बघायचंय."

"मग चढ की, कुणी धरलंय?"

"तुला बोलायला काय जातंय!"

पुढे गिरणी बंद पडली. मालक गेले, मुलांनी वाटण्या मागितल्या. बागेचे तुकडे विकले गेले, तळं बुजवलं, बंगल्याला कुलूप लागलं. तोवर अक्काचे गुडघेही कामातून गेले होते.

यंदा तिथे सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. फाटकात मला कुणीतरी बोलण्यात गुंतवलं, तेवढ्यात अक्का दिसेनाशी झाली. शोधत मागच्या अंगाला गेलो. मागचं दार विटांनी बंद केलेलं, आणि त्याच्यासमोर ती काठी टेकून उभी.

"अगं, इकडे कुठे?"

"पायच वळले." मग जराशी हसली. "बुजवलं मेल्यांनी. बरंच झालं."

तिला पुढच्या दाराने आत नेलं. पहिल्या पायरीशी तिने काठी माझ्या हातात दिली आणि कठडा धरला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, दम खात ती चढू लागली. मागची माणसं खोळंबली. मी ओशाळून त्यांच्याकडे बघत होतो. तिने मान वळवली नाही.

वर पोचल्यावर मात्र तिने वळून पाहिलं. लखलखीत पितळेवर तिच्या घामट बोटांचे ठसे उमटले होते. हात आपसूक रुमालाकडे गेला. रुमाल काढून ती क्षणभर थांबली, आणि त्याच रुमालाने आपलं तोंड पुसलं.

"राहू देत," ती म्हणाली. "पुसेल उद्या कुणीतरी, उतरताना."