दोन टीबीत मावेल तेवढं

रत्नपाल खिल्लारे एका लग्नाचा व्हिडिओ जुळवत बसला होता, तेव्हा टेबलावरची जुनी हार्ड डिस्क वाजायला लागली. टक, टक, टक. थोडं थांबून परत टक. पडद्यावरचा नवरदेव घोड्यावर चढता चढता अडकला. रत्नपालने वायर काढून परत लावली. डिस्क उघडली, पण आवाज काही गेला नाही. सत्तावीस वर्षांच्या धंद्यात हा आवाज त्याने आधी दोनदा ऐकला होता. दोन्ही वेळी आठवड्याच्या आत डिस्क मेली होती.

आखाडा बाळापूरला मेन रोडवर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. एक गाळा, मागे पडदा, पडद्यामागे कॉम्प्युटर. बाळापूर, डोंगरकडा, कळमनुरी, पार सिद्धेश्वरच्या धरणाखालच्या गावांपर्यंत त्याने लग्नं शूट केली. विहारातले मंगलपरिणय केले, पाटलांच्या घरची लग्नं केली, बारशी केली, वर्षश्राद्धं केली. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा होता त्या काळापासून त्याचा उजवा खांदा खाली आलेला आहे. आता नवी मुलं ड्रोन घेऊन येतात. रत्नपालला बोलावणारे उरलेत ते जुन्या ओळखीचे, आणि ज्यांना ड्रोन परवडत नाही ते.

एक खोड मात्र त्याने सोडली नव्हती. तो काही पुसत नसे. गिऱ्हाइकाला सीडी दिली, पुढे पेनड्राइव्ह दिला, तरी आपल्याकडचं शूटिंग तो ठेवून द्यायचा. सीडीवर ओरखडे पडतात, पेनड्राइव्ह हरवतात, मग माणूस परत येतो. असे परत येणारे वर्षाकाठी दोन-तीनच असत, पण रत्नपालचा पुसायला हातच जात नसे. अशा चार डिस्क भरल्या होत्या आणि कॉम्प्युटरमध्येही जागा उरली नव्हती.

"नवी घ्यावी लागती," त्याने घरी जेवताना सांगितलं.

त्याची बायको करुणा अंगणवाडी सेविका आहे. ती म्हणाली, "मग घ्या. पण फोनवर बघून मागवू नका. मागच्या टायमाला मागवलेली बॅटरी कशी निघाली?"

फोनवर त्याने खरंच एक बघून ठेवली होती. सोळा टीबी, आणि किंमत अशी की दोनदा वाचावी लागली. रात्रभर ती त्याच्या डोक्यात घोळत राहिली. सकाळी तो एसटीने हिंगोलीला गेला.

बाजारपेठेत मंजुषाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पस्तिशीची बाई, स्वतः दुरुस्ती करते, आणि रत्नपालचा कॉम्प्युटर तिने दोनदा जिवंत केलेला. त्याने फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि मान हलवली.

"काका, ही घेऊ नका. हिच्या आत एक बारकं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. कॉम्प्युटरला ते सोळा टीबी दाखवतं. तुमी भरत राहता, अन् जागा संपली की जुन्याच्या वरच नवं लिहून राहते. नावं सगळी दिसतात. उघडायला गेलं की काहीच न्हाई."

रत्नपालने फोन खिशात ठेवला. "मग काय घेऊ? सांगा तुमीच."

तिने आधी एक काडेपेटीएवढी डिस्क काढली. हिच्यात फिरणारं काही नसतं, पडली तरी बिघडत नाही, कॉपीही झपाट्याने होते, म्हणाली. पण त्याच्या पैशांत एकच टीबी येत होता. "रोजच्या एडिटिंगला ही चांगली. ठेवणीतल्या मालाला एवढी महाग कशाला?" मग तिने पुस्तकाएवढी मोठी दाखवली, आठ टीबीची, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी.

"बाळापूरला लाइट किती बारी जाते?"

"मोजली न्हाई कधी. चार-पाच बारी जातीच."

"मग ही न्हाई. चालू असताना झटका बसला की आतली चकती खराब होते."

राहिली ती खिशात मावणारी साधी हार्ड डिस्क. कॉम्प्युटरच्याच वायरवर चालते, म्हणजे लाइट गेली तरी त्याच्या यूपीएसवर; हळू चालते, पण स्वस्त पडते. चार टीबीची एक घेतली तर त्याच्याकडचं सगळं तीन-सव्वातीन टीबी तिच्यात आरामात बसत होतं. त्याने तीच उचलली.

"हिची दुसरी कॉपी कुठं राहणार?" मंजुषाने विचारलं.

"दुसरी कशाला? वॉरंटी हाय ना?"

"तीन वर्षांची हाय. पण वॉरंटीत नवी डिस्क भेटते, काका. आतली लग्नं न्हाई भेटत."

रत्नपाल दुकानातल्या स्टुलावर बसला. इतकी वर्षं एकेक करून जमवलेलं आता दोनदा जमवायचं. चार टीबीच्या दोन घ्यायच्या तर तेवढे पैसे नव्हते. दोन टीबीच्या दोन घेतल्या तर कॅमेऱ्याच्या नव्या फ्लॅशसाठी ठेवलेले पैसे त्यात जात होते, आणि तरी सगळं मावणार नव्हतं.

"सगळं ठेवायलाच पाहिजे का?" मंजुषा हळू आवाजात म्हणाली.

त्याने उचललेली चार टीबीची डिस्क परत टेबलावर ठेवली. शेवटी म्हणाला, "दोन-दोनच्या दोन द्या."

डिस्क पिशवीत घालताना तिने बजावलं. दोन्ही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. चालू असताना हलवायच्या नाहीत. आणि वाजणारी डिस्क सगळ्यात आधी रिकामी करायची, तिला उगीच बंद-चालू करायचं नाही.

त्याच दिवशी त्याने वाजणारी डिस्क जोडली. पहिले दोन दिवस ती कण्हत कण्हत देत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक लांब खरखर झाली आणि ती गप्प झाली. परत जोडली तर कॉम्प्युटरला ती दिसेचना. रत्नपालने रजिस्टर काढून ताळा केला. अकरा लग्नं आत राहिली होती. मंजुषाला फोन केला, तर ती म्हणाली, पुण्याला एक जण काढून देतो, पण तो जे मागतो त्यात तुमचे दोन कॅमेरे येतील.

रत्नपालने त्या अकरा नावांसमोर पेन्सिलने बारीक खूण केली आणि रजिस्टर मिटलं.

उरलेल्या तीन डिस्कमधलं काय ठेवायचं याचा त्याने एक सोपा हिशेब लावला. जुळवून तयार झालेला व्हिडिओ ठेवायचा. कच्चं शूटिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून जसंच्या तसं निघालेलं, ते टाकायचं. जास्त जागा तेच खात होतं. पण टाकण्याआधी लोकांना एकदा विचारावं म्हणून तो रोज दुपारी रजिस्टरमधले नंबर लावायला लागला. "तुमच्या लग्नाचं सगळं शूटिंग हाय माझ्याकडं. पेनड्राइव्ह घेऊन या, देतो. मग पुसणार हाय."

अर्धे नंबर बंद होते. बाकीचे म्हणायचे, "राहू द्या हो, फोनमधी हाय आमच्याकडं." एकाने तर, कोणतं लग्न, असं विचारलं. पेनड्राइव्ह घेऊन फक्त तिघं आले. खूण केलेल्या अकरांपैकी मात्र त्याने एकाचाही नंबर लावला नाही.

एका सकाळी डोंगरकड्याहून पुजा आली. स्कूटी रस्त्यावर लावून, ओढणी तोंडाला गुंडाळलेली तशीच आत आली. रत्नपालने तिला ओळखलं नाही.

"माणिकरावांची पुजा, काका. तुमी बाबाला फोन केला होता."

मग आठवलं. माणिकराव केळीचे बागायतदार, नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या घरचं लग्न त्याने दोन दिवस शूट केलं होतं. तो म्हणाला, "पेनड्राइव्ह आणला का, बाई?"

"न्हाई. ते पुसून टाका म्हणून सांगायला आले. माझ्यासमोर पुसा."

त्याने खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. नांदणं मोडून पाच वर्षं झाली होती. कागदोपत्री सगळं संपलं होतं. आता ती डोंगरकड्यालाच ब्लाउज-ड्रेस शिवते. "माझ्याकडचे फोटो मी कवाच जाळले. कोणाकडं तरी ते अजून चालू हाय, हे मला म्हाईत नव्हतं. बाबानं सांगितल्यापासून झोप न्हाई."

"ऑर्डर तुझ्या वडलांची होती. ते काय म्हणतात?"

"तेच म्हणले, जा."

रत्नपालने जास्त विचारलं नाही. फाइल शोधली. तयार व्हिडिओ दोन्ही नव्या डिस्कवर गेला होता. त्याने एकीवरून पुसला, मग घरून दुसरी आणायला करुणाला फोन केला, कारण ती डिस्क तिच्या कपाटात साड्यांखाली होती. ती येईपर्यंत जुन्या डिस्कवरचं कच्चं शूटिंग काढलं. बरोबर तेच लग्न आहे ना म्हणून एक फाइल उघडली.

हळदीच्या दिवसाचं होतं. कॅमेरा कुठेतरी टेबलावर चालूच राहिलेला. कोपऱ्यात पुजा बसलेली, तोंड हळदीने माखलेलं, आणि शेजारी एक म्हातारी पदराखालून भाकरीचा तुकडा काढून तिच्या तोंडात घालत होती. घाईघाईने, इकडे तिकडे बघत. "खा लवकर. उद्यापर्यंत कोण इचारतंय तुला? खा म्हणते ना." पुजा तोंड भरून हसत होती. म्हातारीने तिची हनुवटी पुसली आणि हळदीचं बोट आपल्याच कपाळाला लावलं.

"भागूआत्या," पुजा म्हणाली.

ती आता खुर्चीवर बसली. आई लहानपणीच गेल्यामुळे भागूबाईनेच तिला वाढवलं होतं, आणि भागूबाई मागच्या उन्हाळ्यात गेली होती. तिचा एक फोटो होता, आधार कार्डावरचा.

"हे त्या सीडीत नव्हतं," पुजा म्हणाली.

"सीडीत कसं राहील? कॅमेरा चुकून चालू राहिला असंल. आमी असलं काढून टाकतो."

तिने परत लावायला सांगितलं. त्याने लावलं. तिसऱ्यांदा मात्र तिने सांगायची वाट न बघता त्याने स्वतःच लावलं, आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेला.

करुणा डिस्क घेऊन आली तोवर पुजाने डोळे पुसले होते. "काका, एवढा तुकडा ठेवा. बाकी सगळं जाऊ द्या." रत्नपालने तो तुकडा कापला. सव्वातीन मिनिटांचा होता. तिच्या फोनमध्ये टाकला, आणि दोन्ही डिस्कवरही ठेवू का, असं विचारलं. ती म्हणाली, "ठेवा. नाव भागूबाईचं टाका, माझं नको." बाकीचं लग्न त्याने तिच्यासमोर पुसलं. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली रिकामी केलेलीही दाखवली. तिने ओढणी परत तोंडाला बांधली आणि निघून गेली.

त्या दिवशी रत्नपालने दुसरं काही काम केलं नाही. कच्चं शूटिंग टाकायचा हिशेब आता जमेना. आणि न टाकावं तर सगळं बघायला लागणार होतं, शेकडो तास. त्याचा खांदा दुखत होता, डोळे चुरचुरत होते.

"रोज तासभर बघा," करुणा म्हणाली. "जेवढं होईल तेवढं. तुमी काय जल्मभराचा ठेका घेतला का सगळ्यांचा?"

तसंच ठरलं. तेव्हापासून तो दुपारच्या सुस्तीत एक तास बघतो. माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत असा एखाददुसरा तुकडा प्रत्येक लग्नातून काढतो आणि बाकीचं पुसतो. कधी बघता बघता डुलकी लागते, मग मागे जाऊन परत बघावं लागतं. दिवाळीपर्यंत चार वर्षांची लग्नं उरकली. पुढच्या दिवाळीपर्यंतही सगळी होतील असं त्याला वाटत नाही.

दिवाळी झाल्यावर त्याने रजिस्टरमधली पेन्सिलीच्या खुणांची पानं उघडली आणि पहिला नंबर लावला. सिद्धेश्वरकडचे जळबा नावाचे गृहस्थ होते, तेरा वर्षांपूर्वी थोरल्या पोराचं लग्न केलेले.

"रत्नपाल बोलतो, बाळापूरचा. शूटिंगवाला."

"आमच्याकडं औंदा लग्न न्हाई बरं का कोणाचं," जळबा लगेच म्हणाले.

"ऑर्डरसाठी न्हाई केला फोन."

"मग काहून केला?"

रत्नपालने सांगितलं. तुमच्या थोरल्याच्या लग्नाचं शूटिंग माझ्याकडं होतं, डिस्क खराब झाली, त्यात ते गेलं. आता माझ्याकडं काही राहिलं नाही. तुमच्याकडं सीडी असेल तर ती जपून ठेवा, नाहीतर घेऊन या, मी फुकट उतरवून देतो.

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता.

"सीडी हाय वाटतं पेटीत. बघतो," जळबा म्हणाले. "सांगितलं ते बरं केलं."

रत्नपालने त्या नावासमोर काय झालं ते लिहिलं, पाण्याचा घोट घेतला आणि दुसरा नंबर लावला.