तेंदूपत्त्याच्या दिवसांतली मोजणी

आमच्या तालुक्याच्या रेल्वे स्टेशनाबाहेर आता जो बगीचा आहे, तिथे माझी आई बसायची. उन्हाळ्यात मोहफुलं, पावसाळ्यात रानभाज्या नाहीतर वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. सकाळची पॅसेंजर आली की तासाभरात टोपली रिकामी. गावोगावच्या वीसेक बाया तिथे बसत. जागेचा कागद एकीजवळही नव्हता. जाताना बाई आपल्या जागी दगड ठेवून जायची आणि त्याला दुसरी कोणी हात लावत नसे. भांडणं पुष्कळ व्हायची, पण जागेवरून कधी नाही.

स्टेशन परिसराचा विकास करायचं ठरलं आणि तिथल्या विक्रेत्यांच्या मोजणीला आम्हा मास्तरांना जुंपलं. मोजणी कधी, तर ऐन मे महिन्यात. त्या पंधरवड्यात आमच्याकडे माणसं घराला कुलूप लावून तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोजणीवरच्या साहेबाला नव्हतं. बाया दगड ठेवून निर्धास्त गेल्या होत्या. आईही गेली होती.

साहेबाला मी दगडांचं सांगितलं. तो हसला. जो हजर त्याचंच नाव लिहायचं, असा नियम आहे म्हणाला. मी पुन्हा तोंड उघडलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. पण नोकरी नवी आणि अंगातला भित्रेपणा जुना. विक्रेते निरंक, असं लिहून मी खाली सही ठोकली. अक्षर मात्र सुरेख आलं होतं.

पुढे लोकांचं म्हणणं ऐकायला सभा झाली. दुकानदारांना पार्किंग हवं होतं, ऑटोवाल्यांना शेड, पेन्शनरांना फिरायला हिरवळ. सगळ्यांना सगळं मिळालं. बायांना बोलावणंच नव्हतं, कारण कागदावर त्या नव्हत्याच. मागच्या खुर्चीवर बसून मीही टाळ्या वाजवल्या. आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

बगीच्याच्या नव्या गेटवरच्या शिपायाने आईला हाकललं, तेव्हा ती टोपली घेऊन थेट शाळेत आली. यादीत नाव नाही म्हणतात, म्हणाली. यादी मीच लिहिली होती, हे मला सांगावं लागलं.

"मंग माह्यं नाव काऊन नाई लिवलं?"

मी साहेबाचंच वाक्य पुढे केलं. मोजणीच्या दिवशी तू हजर नव्हती, म्हणालो.

तिने टोपली खाली ठेवली. "तुले तं मालूम होतं ना, मी कुठी होती."

मालूम होतंच. जंगलात जाणाऱ्या टेम्पोत तिला मीच बसवून दिलं होतं.