इन्क्युबेटरला घातलेला हार

पेशींना रविवार कळत नाही आणि सणवारही कळत नाहीत. ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरहून अंधेरीच्या प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशीसुद्धा जायचे, कारण बाटल्यांतला पोषक द्रव वेळेवर बदलला नाही तर आतल्या पेशी मरतात. आई विचारायची, "तिथे म्हशी बांधल्यायत काय गं?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे कंटाळा आला.

आमचं काम सांगायला सोपं होतं. उंदराच्या शरीरातली अँटिबॉडी बनवणारी पेशी घ्यायची, कधी न मरणारी कॅन्सरची पेशी घ्यायची आणि दोघींना एकत्र जोडायचं. जमलं तर ती जोडपेशी एकच एक अँटिबॉडी बनवत राहते. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरला नेमकी ओळखणारी आणि निरोगी पेशींना हात न लावणारी अँटिबॉडी आम्हाला हवी होती. कित्येक वर्षं हाती काही लागलं नाही. मग तशी अँटिबॉडी देणाऱ्या जोडपेशींचा एक वाण मिळाला. आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते त्या दिवशी पार्ल्याहून सगळ्यांसाठी बटाटेवडे घेऊन आले. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. जाण्यापूर्वी हा वाण पक्का झालेला त्यांना बघायचा होता, बाकी काही नको होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. सरांचे वडील गिरणीत मागाला हार घालायचे, ती रीत सरांनी प्रयोगशाळेत आणली होती. एरवी हार बाहेरच्या खोलीतल्या यंत्रांना घालायचे. त्या वर्षी सर झेंडूचा हार घेऊन थेट पेशींच्या खोलीत आले.

मी म्हटलं, "सर, इथे नको ना. फुलांनी बुरशी येईल."

"अगं, एक दिवस. यंदा सगळं ह्याच्याच पोटात आहे." त्यांनी इन्क्युबेटरच्या, म्हणजे पेशींच्या बाटल्या उबेत ठेवायच्या कपाटाच्या, दाराला हार घातला आणि दार उघडून आत कुंकवाचं बोट लावलं. चेहरा असा खुलला होता, की मी बाजूला झाले.

पुढच्या आठवड्यात बाटल्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग म्हणाले, "वाट लागली." आणि थोड्या वेळाने, "गोठवून ठेवलेल्या काढ."

द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवलेल्या त्याच वाणाच्या नळ्या काढल्या. पेशी जगल्या, वाढल्याही, पण अँटिबॉडी बनवायचं विसरून गेल्या. असं कधीकधी होतं, आणि होतं तेव्हा कुणाचाच इलाज चालत नाही. मला सरांचा फार राग आला होता, पण मी इतकी दमले होते की तो रागही धड करवत नव्हता. शाल-श्रीफळ घेऊन सर निवृत्त झाले. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढच्या दसऱ्याला मी एकटीच पेशींना खायला घालायला आले होते. दारावर टकटक झाली. बाहेर सर, धुतलेला सदरा, हातात आपट्याची पानं.

"सर, या ना आत."

"नको. मंडईतून आलोय, अंगाला फुलांचं काहीबाही लागलं असेल." मी हात पुढे केला तसा त्यांनी आपला मागे घेतला. "तुला आत काम करायचंय अजून." त्यांनी सोनं जिन्याच्या खिडकीत ठेवलं. "जाताना घे. सोन्यासारखी राहा."

मी वाकून नमस्कार केला. पायाला हात लावू दिला नाही त्यांनी.

उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं, "वाढतायत?"

वाढत होत्या. अँटिबॉडी अजून एकीनेही दिली नव्हती.

"वाढतायत, सर," मी म्हटलं.

ते मान हलवून जिना उतरले. मी साबणाने हात धुतले आणि आत गेले.