कोपऱ्यातला बैल

समजा, तुमच्यासमोर बालवाडीची पांढरी भिंत आहे आणि तिच्यावर बारशिंगा काढायचा आहे. बाहेरची रेघ जमेल तुम्हाला. शिंगांतून झाड फुटवा, त्यावर दोन पोपट बसवा. खरी गोम पुढेच आहे. त्याच्या अंगात काय भराल? ठिपके, माशाचे खवले, की भाताचे दाणे? चित्रं काढणाऱ्या गोंड बायका नुसता भराव बघून सांगतात, हे कोणाच्या घरचं. हरीण सगळ्यांचं असतं. भराव ज्याचा त्याचा.

गढा मोहल्ल्यातल्या कुंदाताईंना हे ठाऊक होतं. तरीही चूक झालीच.

एकतीस वर्षं त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. साहेबाच्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद ठेवायचा आणि शाईने रेघ जशीच्या तशी उतरवायची. केसाइतकाही फरक पडत नाही, हीच त्यांची ख्याती. रिटायर झाल्यावर शेजारच्या खोलीत डिंडोरीकडची गोंड फगनीबाई दोन हिवाळे मुलाकडे येऊन राहिली. तिच्याजवळ बसून त्या चित्रं शिकल्या. फगनीबाईचा भराव म्हणजे नांगरटीसारख्या वाकड्या, जोडीजोडीने जाणाऱ्या रेघा. ती गावी परतली आणि बालवाडीच्या बाईंनी कुंदाताईंना भिंत रंगवायला सांगितली. कुंदाताईंच्या हाताने कोणाला न विचारता त्याच रेघा उतरवल्या. बारशिंग्यात, मोरात, वाघातही. खाली लाल रंगात स्वतःचं नाव. कोपऱ्यातला बैल तेवढा भरायचा राहिला होता.

आणि आज फगनीबाई दुपारच्या बसने येत होती, खास भिंत बघायला.

सकाळपासून कुंदाताईंनी चुन्याची बादली तीनदा उचलली, तीनदा खाली ठेवली. पुसावं तर बालवाडीचा कार्यक्रम चार दिवसांवर आलेला. ठेवावं तर तिच्यासमोर उभं कसं राहायचं? त्यांच्या यजमानांनी, दिवाकररावांनी, दुसऱ्यांदा चहा गरम करून दिला.

"काहून एवढी घाबरून राहिली तू? कारखान्यात नक्कल केली तं पगार भेटे. इथं बोलणी भेटन, बस."

कुंदाताईंनी चहा तसाच ठेवून बादली पुन्हा उचलली.

फगनीबाई आली ती पिशवी खांद्यावर ठेवूनच भिंतीपाशी गेली. वाघाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. हात माझ्यापेक्षा पक्का आहे, म्हणाली. मग ती वळली.

"बाई, ये तो मेरा खेत है. तुम्हारा कहाँ है?"

आवाजात राग नव्हता. कुंदाताईंनी फडकं ओलं केलं, आपलं नाव पुसलं आणि तिथे फगनीबाईचं लिहिलं. फगनीबाईला वाचता येत नव्हतं. दिवाकररावांनी वाचून दाखवलं, तेव्हा ती खाली बसली आणि तिने चहा मागितला. कप हातात आल्यावर मात्र हनुवटीने कोपऱ्यातला बैल दाखवला.

ब्रश घेऊन कुंदाताई बैलासमोर उभ्या राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा ओढल्या. स्वतःच्या घरचं काय आठवतं? माहेरचा, अचलपूरचा पोळा आठवला. पहाटे आई बैल धुवायची, गेरू कालवायची, पाठीवर ठसे उठवायची. गेरूचा वास आठवला, बैलाची थरथरणारी कातडीही आठवली. ठसा काही केल्या दिसेना. अचलपूरच्या पुष्पाताईला फोन लावला, तर मोठी बहीण असून तिलाही सांगता येईना.

चार दिवसांवर कार्यक्रम, आणि बैल अजून कोराच आहे. आई ते ठसे कशाने उठवायची, वाटीने, बांगडीने, की नुसत्या मुठीने?