दुमडलेली रांग

बाई कोणाच्याही घरी गेल्या की पाणी घेण्याआधी भिंतीवरचा एखादा फोटो खिळ्यावरून उतरवायच्या आणि उलटा करून त्याची पाठ बघायच्या. घरमालक नुसता बघत राहायचा. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार बदलायचा असेल तरच कोणी हात लावतं, तेही हात धुऊन. बाई सरळ चपला काढल्या हातानेच फोटो उतरवायच्या. पाठ कोरी दिसली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे वळून विचारायच्या, "मांगं नाव काऊन नाई लिवलं?"

आमच्याच बापाचा फोटो, आम्हाला माहीत नाही का, असं कोणी म्हणालं की बाईंचं पुढचं वाक्य ठरलेलं होतं. "तुमाले हाय म्हाईत. तुमच्या नातवाच्या पोराले?" आणि पर्समधून पेन्सिल निघायची. पेन कधीच नाही. पेनाची शाई फोटोच्या पोटात उतरते, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की माझ्या बायकोलाही पाठ झालं होतं.

आम्ही दोघं आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या तामसी मंडलातल्या एका गावच्या मराठी शाळेत शिकवायचो. गाव माझंच. बाई आदिलाबादहून बसने यायच्या. माहेर गुडीहत्नूरकडचं, बौद्ध घर, आईवडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत आले. त्या घरातलं शाळेत गेलेलं पहिलं माणूस म्हणजे बाई. आवाज असा की चौथीच्या वर्गात त्या पाढे म्हणायला लागल्या की माझ्या दुसरीतली पोरं आपोआप त्यांच्या मागून म्हणायची. मी शिकवायचं सोडून ऐकत बसायचो, दुसरा इलाज नव्हता.

फोटो, पत्रं, डायऱ्या जमवायचं हे वेड त्यांना कुठून लागलं ते मी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, महाराष्ट्रातले पाहुणे आपल्याला आंध्रवाले म्हणतात आणि हैदराबादचे साहेब मराठीवाले म्हणतात. "दोघंबी आपल्याले लिवनार नाई, सर. तवा आपनच लिवाचं." हे त्या रडून नाही, भांडायला उभं राहिल्यासारखं बोलल्या. बाईंचं दुःखसुद्धा कमरेला पदर खोचूनच यायचं.

जमवलेलं सगळं एका पत्र्याच्या पेटीत असायचं. ज्वारीत घालतात तसा त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. त्या काळात लॅमिनेशनची साथ आली होती, तुम्हाला आठवत असेल. लोक रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत दिसेल ते प्लॅस्टिकात घालून आणत होते. एका हौशी पोराने आजोबांचं जुनं पत्र असंच चकचकीत करून मोठ्या अभिमानाने बाईंना दाखवलं. बाईंनी ते उजेडात धरलं, आत अडकलेले हवेचे फुगे पाहिले आणि त्याला एवढंच म्हणाल्या, "आजा जित्ता असता तं त्यालेबी घातला असता का रे याच्यात?" पोरगं आठवडाभर त्यांच्या समोर आलं नाही.

पण मला सांगायचंय ते शाळेच्या फोटोबद्दल.

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक फोटो होता. निजामशाही गेल्यावर थोड्याच वर्षांत गावाने स्वतः दगड वाहून शाळा बांधली, त्या दिवशीचा. पुढे पाच खुर्च्या, त्यांवर पाच फेटेवाले. दुसऱ्या खुर्चीवर माझे आजोबा, हातात काठी, चेहरा असा की जणू सगळी शाळा त्यांनी एकट्याने डोक्यावरून आणली. मागे नव्या शाळेची भिंत. मी लहानपणापासून तो फोटो पाहत आलो होतो आणि त्यात आणखी काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला, चुना द्यायला भिंती मोकळ्या केल्या आणि तो फोटो बाईंच्या हाती लागला. सवयीने त्यांनी उलटा केला. मग मला हाक मारली, "सर, मांगचे खिळे काढा बरं."

पुठ्ठा निघाला तेव्हा दिसलं की फोटो फ्रेमपेक्षा मोठा होता. खालचा भाग मागे दुमडून घातला होता. बाईंनी तो हळूच उलगडला. खुर्च्यांच्या पुढे, जमिनीवर, एक पूर्ण रांग बसलेली होती. नऊ माणसं. उघड्या अंगाचे बापे, गुडघ्यावर पालथी टोपली ठेवलेल्या बाया, हातापायांना चुना लागलेला. शाळा ज्यांनी बांधली ती माणसं. घडीची रेघ त्यांच्या डोक्यावरून गेली होती.

बाईंनी पदराने त्या रांगेवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "पन्नास वर्सं मान दुमडून बसवलं यायले."

गावच्या समितीची बैठक झाली. सरपंच आणि माझे काका समोर. काकांचं म्हणणं असं की यात वाईट हेतू नव्हता, फ्रेम लहान होती, म्हणून दुमडला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असती, कारण मला ते पटण्यासारखं वाटलं होतं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"फ्रेम लहान होती तं खुर्च्या काऊन नाई दुमडल्या?"

सरपंच लगेच दुसऱ्या गोष्टीवर गेले. स्मरणिकेत खुर्च्यांचाच फोटो जाईल, खाली पाच नावं आणि "व इतर ग्रामस्थ". भिंतीवर जुनी फ्रेम जशी होती तशी लागेल. बाईंनी फोटो आणून द्यावा. जाता जाता ते असंही म्हणाले की बाईंची बदली बरेच दिवस झाली नाही, वरून कागद यायला वेळ लागत नाही. बाई म्हणाल्या, "येऊ द्या. तिथंबी भिंती असतीलच."

फोटो मात्र त्यांनी दिला नाही. तो घरी दोन पाटांमध्ये वजनाखाली ठेवलाय, घडी मोडायची आहे, असं सांगितलं. शिपाई गेला, काका गेले, एकदा सरपंच स्वतः आदिलाबादला गेले. प्रत्येकाला चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं, अजून सपाट झाला नाही. तेवढ्या दिवसांत बाईंनी एका स्टुडिओत फोटोचे फोटो काढून घेतले आणि नावं शोधायला लागल्या.

आधी त्या शाळा बांधली तेव्हाच्या हेडमास्तरांच्या मुलाकडे गेल्या. हेडमास्तर रोज डायरी लिहायचे आणि मुलाने त्या डायऱ्या माळ्यावर टाकल्या होत्या. तो दिवस सापडला. इमारत पूर्ण झाल्याचं, फोटो काढल्याचं लिहिलं होतं, हजर असलेल्यांची पाच नावं होती, आणि पुढे हेडमास्तरांच्या सुंदर वळणदार अक्षरात, "व इतर". बाईंनी ते मला दाखवलं. त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या डोक्यात गेला. वर्गात एखाद्या पोराने निबंधात "इतर" लिहिलं तरी त्याला उभं करून विचारायच्या, "इतर कोन? नाव सांग."

जमिनीवरची ती माणसं गावाबाहेरच्या वस्तीतली. रविवारी बाई तिथे जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसायच्या. कधी मलाही न्यायच्या. एका आजीने रांगेतला तिसरा माणूस पाहताच पदर पुढे ओढला. ओळख पटली हे आम्हाला कळलं, पण आजी नाव घेईना. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? "आमच्या बाबूचा बाप," एवढ्यावर गाडी अडली. बाबू तर कधीच वारला होता आणि शेजाऱ्यांना म्हाताऱ्याचं टोपणनावच तेवढं माहीत. शेवटी बाई म्हणाल्या, मग लग्नात घेतलं होतं तसं घ्या. आजी लाजली, हसली, बोळक्या तोंडाने म्हणाली,

"शाळेच्या पायात दगड पडले शंभर,
कोंडबाचं नाव घेते, त्यायचा पयला नंबर."

बाईंनी पेन्सिलीने "कोंडबा" लिहिलं. मग त्या आजीच्या मांडीवर हात ठेवून शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत बसून राहिल्या. इतक्या भांडखोर बाईला इतकं हळवं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

असं करत आठ नावं झाली. नववी राहिली. रांगेच्या टोकाला बसलेली, रुंद कपाळाची, कान मोठे, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी बाई. ती कोण हे सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. किसनची माय. मोठ्याने हसायची, भाकरी छान करायची, मग किसन कोळशाच्या खाणीत लागला आणि सगळं घर मंचेरियलला गेलं. पण तिला नाव काय होतं ते कोणालाच सांगता येईना. कोणी कधी नावाने हाक मारलीच नव्हती. बाईंनी मंचेरियलला ओळखीच्यांना पोस्टकार्डं टाकली. उत्तरं आली, किसन सापडला नाही.

मी म्हणालो, किसनची माय असंच लिहू. बाईंनी मला तिथल्या तिथे तोडलं. "ते किसनचं नाव झालं, सर. तिचं नाई. जागा सोडून ठेवा."

सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी स्मरणिका वाटली गेली. पाच खुर्च्या, "व इतर ग्रामस्थ". मांडव घातला होता, तालुक्याचे पाहुणे आले होते. बाई आदिलाबादच्या बसमधून उतरल्या त्या जुन्या साडीत गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन. सोबत कंडक्टर, फ्रेमचं दुसरं टोक धरलेला. ऑफिसात येऊन त्या मला म्हणाल्या, "सर, खिळा ठोका." काका दारात उभे होते. मी ठोकला. आजोबांच्या घरात मला त्यानंतर बरेच दिवस कोणी जेव म्हणालं नाही, पण खिळा पक्का बसला.

भाषणासाठी नाव पुकारलं तेव्हा बाई व्यासपीठावरच्या खुर्चीवरून उठल्या आणि स्मरणिका बाजूला ठेवून त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. आधी जमिनीवरच्या रांगेची. एकेक नाव, बापाच्या नावासकट, पाढ्याच्या आवाजात. मांडवाच्या मागच्या कडेला बसलेली वस्तीतली माणसं एकेक करून उभी राहायला लागली. कोंडबाची म्हातारी दोघींच्या आधाराने उभी राहिली. आठवं नाव झालं. बाई थांबल्या.

"नववी बाई किसनची माय. तिचं सोताचं नाव आमाले अजून भेटलं नाई. पन जागा ठेवली हाय."

मग खुर्च्यांची पाळी आली. काका माझ्या शेजारी ओठ आवळून बसले होते. आता बाई "व इतर" म्हणणार आणि सगळ्या गावासमोर आपल्या बापाला त्या दोन शब्दांत गुंडाळणार, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. बाईंनी पाचही नावं पूर्ण वाचली, माझ्या आजोबांचं तर मानाने, फेट्यासह असल्यासारखं वाचलं. कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "इतर कोनीच नसते." आणि खाली बसल्या. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि उन्हाला दोष दिला.

बदलीचा कागद आलाच. कोणामुळे ते मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही आणि बाईंनीही तो शोधला नाही. मंचेरियलच्या बाजूची शाळा दिली होती. तिथे मराठी शिकायला पोरच नव्हतं, बाईंना हिंदी शिकवायला लावलं. जिल्ह्याच्या त्या टोकाला पाठवून त्यांना जन्माची अद्दल घडवली असं काही लोकांना वाटलं. बाई जाताना पत्र्याची पेटी आणि त्या फोटोची एक प्रत घेऊन गेल्या. पहिल्याच पत्रात लिहिलं, "सर, इथे भिंती पुष्कळ आहेत."

त्या तिथेच आजारी पडल्या आणि तिथेच गेल्या. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. पोरांना पाढे म्हणायला सांगितले आणि बाहेर येऊन उभा राहिलो. पोरं त्यांच्याच चालीत म्हणत होती. मला ते ऐकवेना आणि थांबवताही येईना.

पुढे काही महिन्यांनी एक रिटायर झालेला माणूस शाळेत आला. पायात बूट, अंगात कडक इस्त्री, जन्मभर खाणीत काम केलेला. बोली अर्धी तेलुगू, अर्धी आपली. त्यांच्या कॉलनीच्या बुद्धविहारात एका टीचरने फोटो लावलाय, तिला भेटायचं राहून गेलं, म्हणून फोटो जिथला आहे तिथे आलो, असं म्हणाला. मी ऑफिसात नेलं. तो फ्रेमजवळ गेला आणि काही न सांगता आपला चेहरा त्या टोकाच्या बाईशेजारी नेऊन धरला. तेच कपाळ. तेच कान.

"किसन माहा बाप, सार," तो म्हणाला. "ही आमची नानम्मा. सखू नाव तिचं. सखुबाई."

बापाच्या आईला मराठीत आजी म्हणतात, हे त्याच्या घरात मागेच विसरलं गेलं होतं. नाव विसरलं गेलं नव्हतं. मी फ्रेम उतरवली, उलटी करून टेबलावर ठेवली. मागच्या पुठ्ठ्यावर बाईंच्या हातची नावं होती आणि आठव्या नावाखाली एक ओळ कोरी. त्याने खिशाचं पेन काढलं. मी ते परत ठेवायला लावलं आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली.

त्याला मराठी अक्षर येत नव्हतं. त्याने तेलुगूत लिहिलं, हळूहळू, दाबून. बाजूला मराठीतही लिहून ठेवावं असं माझ्या मनात आलं होतं. पण बाईंनी एकच ओळ सोडली होती आणि ती आता भरली होती.