दगडांत मुरलेले घास

दादा गेला आणि शाहूपुरीतल्या आमच्या घरात त्याची टाकी मागे राहिली. खाऱ्या पाण्याची टाकी, दोन नारंगी मासे आणि एक जांभळं पोवळं. मुंबईहून खास मीठ आणून तो पाण्यात कालवायचा. समुद्र राहिला घाटाखाली आणि हा पठ्ठ्या कोल्हापुरात पोवळी पाळतोय, म्हणून मी कायम त्याची टर उडवली. आता ती टाकी माझ्याच गळ्यात पडली होती. पोवळं मरू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

महिन्याभरात दगडांवर केसाळ शेवाळ चढलं, पोवळं तपकिरी पडलं. दादाच्या वहीत लिहिलं होतं: खाणं जास्त झालं की पाण्यात फॉस्फेट वाढतं, मग असं होतं. तपासायला नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. बिनरंगी राहिलं तर ठीक, निळं झालं तर वाईट. नळी गर्द निळी झाली.

मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, दर रविवारी पाणी बदललं, फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी टाकीत सोडली. नळी निळीच. मला बघितलं की मासे दगडामागे दडायचे. आमच्या जेवणाच्या वेळेला मात्र आपणहून काचेशी येऊन कुणाची तरी वाट बघायचे.

एका दुपारी लवकर घरी आलो. आई टाकीपाशी उभी होती, हातात आमटीभाताचा घास.

"जेव रं बाळा," ती पाण्याला म्हणत होती.

मी तोंडाला येईल ते बोललो. तिनं घास पाण्यात सोडला.

"दहाव्याला कावळा शिवला न्हाय त्याच्या पिंडाला. तुमी गवताचा कावळा करून भागवलासा. गवताचा कावळा कुटं जेवतोय व्हय? हितं मातर लगीच खाल्लं की त्यानं."

"अगं, त्याचंच पोवळं मारायला लागलीयस तू!"

त्यानंतर ती टाकीकडे फिरकली नाही. ताटातला पहिला घास बाजूला काढायची आणि तसाच ठेवून उठायची. वर्षाच्या आत तीही गेली. तिच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. इच्छा राहिली नव्हती, असं पाहुणे म्हणाले. मला ते पटलं नाही.

नळी अजून निळी येत होती. वही पुन्हा उघडली. दगड फॉस्फेट पिऊन घेतात आणि महिनोन्महिने पाण्यात सोडत राहतात, असं दादानं शेवटी लिहिलं होतं. म्हणजे आईचे घास अजून त्या पाण्यात उतरत होते. मी दाण्यांची पिशवी बाहेर काढून ठेवली.

तरी एका रविवारी नळी बिनरंगी राहिली. मी पुन्हा थेंब टाकून बघितले. बिनरंगीच. पोवळं कडेनं जांभळं होऊ लागलं होतं. ज्यासाठी आईवर ओरडलो ते सगळं मिळालं, आणि मला ते नको झालं.

दुपारी ताटातला पहिला घास घेऊन मी टाकीपाशी गेलो. घास काचेशी धरला. मासे दगडामागून बाहेर आले नाहीत.