अनुमोदन राहिलेला ठराव

आमच्या सासऱ्यांइतका, म्हणजे आबांइतका, सभेच्या नियमांवर जीव असलेला माणूस लासुर्ण्यातच काय, अख्ख्या इंदापूर तालुक्यात मिळायचा नाही. साखर कारखान्याचे ते साधे सभासद. पण चाळीस वर्षांत एकही वार्षिक सभा चुकवली नाही आणि तिथली सगळी रीत त्यांनी घरी आणली. रविवारी मटण की मासे, यावर आमच्याकडे रीतसर ठराव व्हायचा, आणि सासूबाई विरोधात असल्या तरी वहीत 'सर्वानुमते' असंच लिहिलं जायचं. माझ्या लग्नाच्या बैठकीत 'मुलगा पसंत आहे' असा ठराव मांडून आबांनी अनुमोदक मागितला, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी त्यांचे दोस्त, खताचे दुकानदार रशीदभाई, यांनी हात वर केला म्हणून मी आज जावई आहे. सूचक आबा आणि अनुमोदक रशीदभाई, हे गावात इतकं ठरलेलं होतं की तिसऱ्या कुणी हात वर करायची तसदीच घेतली नाही.

रशीदभाईंची नात डॉक्टर व्हायला परदेशी गेली, तेव्हा स्टँडवर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला तोही आबांनीच. त्यावर 'रशिया' छापलं होतं. आमच्याकडे त्या बाजूला शिकायला गेलेली सगळी मुलं रशियालाच गेलेली असतात. रशीदभाई फ्लेक्स बघून हसले, आणि एवढ्या हौसेनं लावलाय म्हणून गप्प राहिले.

पुढे रशियानं युक्रेनमध्ये फौजा घातल्या. दुसऱ्याच दिवशी आबांनी चहाच्या हॉटेलात सभा लावली. विषय एकच, स्वारी योग्य की अयोग्य. रशिया बरोबर, हा ठराव खुद्द आबांचा. शेजाऱ्यानं परक्याला बांधावर आणून बसवलं तर मालक गप्प बसेल का, असा त्यांचा मुद्दा. पण आतलं कारण एवढंच, की आपली पोर ज्यांचं अन्न खाते त्यांची बाजू आपण नाही घ्यायची तर कुणी? मी म्हणालो, बांध कोरणं वेगळं आणि रणगाडे घालणं वेगळं. मला मिनिटात खाली बसवलं. रशीदभाई दोनदा उठले, त्यांनाही दोनदा 'अध्यक्षांच्या परवानगीनं' म्हणून बसवलं. मग आबांनी अनुमोदन मागितलं आणि सवयीनं त्यांच्याकडेच पाहिलं.

हात वर गेला नाही. रशीदभाई म्हणाले, "आबा, माझी नात रशियात न्हाय. ज्यांच्यावर फौज गेली, तितं हाय. कालपासनं तळघरात हाय."

त्या संध्याकाळी आबांनी जन्मात पहिल्यांदा नियम मोडला. ना नोटीस, ना कोरम. वही घेऊन दुकानात गेले. मी त्यांना गाडीवर सोडायला गेलो होतो. 'सदर ठराव मागे घेण्यात येत आहे' असं लिहून खाली सही केली होती. रशीदभाईंनी ते वाचलं आणि वही परत दिली.

"ह्यानं ती वर येतीया व्हय, आबा?"

आबा तिथंच खताच्या पोत्यावर बसले. मग रोज जाऊन बसू लागले, सगळ्यांना बोलायची परवानगी देणारा हा माणूस एक शब्द न बोलता. दोघांच्या मधे रशीदभाईंचा मोबाइल असायचा. मला आबांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघवतही नसे.

सातव्या दिवशी पोर सीमा ओलांडून पलीकडच्या देशात पोचल्याचा फोन आला. रशीदभाई बराच वेळ उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मग म्हणाले, "आबा, ती वही आणा. अनुमोदन राह्यलंय."

ती पोर घरी आली, तिचं शिक्षणही पुरं झालं. जगात लढाया चालूच आहेत आणि हॉटेलात वादही. आबा आता थकलेत, सभा लावत नाहीत. फक्त कोण बरोबर आणि कोण चूक हे रंगायला लागलं, की मला जवळ बोलावतात आणि विचारतात, "आपल्यातलं कुणाचं पोरगं तितं हाय का?" मी चौकशी करून येतो, नाही म्हणून सांगतो.

"नीट इचारा, जावईबापू," ते म्हणतात. मी पुन्हा जातो.